भार उतरवणाऱ्याची हमाली

पुण्याच्या नारायण पेठेत एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळघरात एक अभ्यासिका आहे. साठ टेबलं, दोन टेबलांमध्ये प्लायवूडची आडवी फळी, डोक्यावर ट्यूबलाइट, भिंतीवर महाराष्ट्राचे नकाशे. राज्यसेवा, कंबाईन, तलाठी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत इथे बसतात. कोणी बीडचं, कोणी नांदेडचं, कोणी यवतमाळचं. जिन्याखाली एका लाकडी पेटीत फायबरचा मोडेम आणि राउटर कुलूपबंद ठेवलेत. पेटीला मागून भोक पाडून वायर बाहेर काढली आहे आणि ती भिंतीवरच्या एका बटणाला जोडली आहे. रात्री नऊ वाजता अभ्यासिकेचे काका ते बटण बंद करतात आणि अकरा वाजता पुन्हा चालू करतात.

मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नऊला सगळे जेवून येतात आणि एकदम लेक्चर लावतात. ज्याला नुसती पीडीएफ उतरवून घ्यायचीय त्यालाही नेट मिळत नाही. मग माझ्याकडे तक्रारी, आपसात भांडणं. बिल मी भरतो आणि बोलणीही मीच खातो. त्यापेक्षा दोन तास बंद. त्यांच्याकडे त्यांचं रिचार्ज असतंच की."

बटण बंद झाल्यावर काय होतं ते मी जिन्यात थांबून पाहिलं. मिनिटभरात साठ फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेले. तळघरात रेंज जेमतेम एक काडी. पाचेक मिनिटांत दहा-बारा मुलं उठून जिन्यात आली, मग दारात, मग रस्त्यावर. एक मुलगी दुचाकीच्या सीटवर वही ठेवून, फोन वर धरून, अडकत अडकत चालणारं लेक्चर ऐकत होती. गल्लीच्या टोकाला एका गच्चीवर टॉवर आहे, त्याच्याकडे तोंड करून. मी वीस वर्षं मोबाइल नेटवर्कच्या नियोजनाचं काम केलं आहे. रात्री नऊ ते अकरा ही वस्तीतल्या टॉवरची सगळ्यात कठीण वेळ असते, हे मला तोंडपाठ आहे. नेमक्या त्याच दोन तासांत या तळघरातला स्वस्त रस्ता बंद होतो आणि साठ जणांचा भार शहरातल्या सगळ्यात महाग रस्त्यावर जाऊन पडतो. काकांच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांचं काहीही चुकत नाही, आणि गोम तिथेच आहे.

मोबाइल टॉवरवरून जाणारा डेटा वायफायकडे वळवणं याला आमच्या धंद्यात ऑफलोड म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर भार उतरवणं. माझं म्हणणं एवढंच आहे की जो भार उतरवतो त्याला त्याची हमाली मिळाली पाहिजे, आणि ज्याच्या पाठीवरचं ओझं हलकं झालं त्याने, म्हणजे मोबाइल कंपनीने, ती दिली पाहिजे. सार्वजनिक वायफायच्या आपल्याकडच्या सगळ्या योजना एका प्रश्नापाशी अडल्या आहेत: पैसे कोण देणार? उत्तरं तीनदा बदलली. कधी जाहिरातदार, कधी सरकार, कधी ग्राहक. ज्याचा फायदा होतो त्याचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही.

फायदा नेमका कसा होतो ते आधी पाहू, कारण इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

आपण डेटा जीबीत मोजतो, नेटवर्क उभं करणारा तो तासात मोजतो. मंगल कार्यालयात पातेली किती लागतील हे दिवसभरात एकूण किती पानं उठली यावरून ठरत नाही, सगळ्यात मोठी पंगत किती पानांची यावरून ठरतं. टॉवरचं तसंच आहे. पहाटे चार वाजता तुम्ही दहा जीबीचा सिनेमा उतरवून घेतलात तरी कंपनीच्या खर्चात जवळपास काही भर पडत नाही. यंत्रं चालूच असतात, वीज जळतच असते. तेच दहा जीबी रात्री साडेनऊला शेजारच्या चारशे जणांबरोबर मागितलेत, तर त्या एका पंगतीसाठी कंपनीला जादा यंत्रणा बसवावी लागते, जादा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, घ्यावा लागतो, नाहीतर दोनशे मीटरवर आणखी एक टॉवर उभा करावा लागतो. स्पेक्ट्रमची किंमत २०२२ च्या लिलावात सगळ्यांनी पाहिली, एकूण दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. आणि पेठेत टॉवरसाठी गच्ची मिळवणं काय असतं ते मला विचारा. सोसायटीची सभा, भाड्याची घासाघीस, किरणांची भीती, अरुंद जिन्यातून वर चढवायच्या बॅटऱ्या. एकेका जागेसाठी आम्ही वर्ष-वर्ष खेटे घातले आहेत.

म्हणून एक जीबी सरासरी कितीला पडतो हा आकडा फसवा आहे. गर्दीच्या तासातला जीबी महाग असतो, बाकीचे जवळपास फुकट. भार उतरवण्याचं मोलही त्याच तासात. दुपारी तीनला काकांनी वायफाय चालू ठेवलं की बंद केलं, टॉवरला फरक पडत नाही. रात्री नऊला पडतो.

त्यात आपला फोन बहुतेक वेळ छपराखाली असतो. घर, ऑफिस, वर्ग, दुकान, तळघर. गच्चीवरून निघालेली लहर भिंती फोडत आत शिरते, जाडजूड दगडी भिंत किंवा काँक्रीटचा स्लॅब लागला की दमते, आणि दमलेल्या लहरीवर तोच व्हिडिओ पोचवायला टॉवरचा कितीतरी जास्त वेळ खर्ची पडतो. म्हणजे तळघरातला एक विद्यार्थी टॉवरला रस्त्यावरच्या तिघा-चौघांइतका जड पडू शकतो. वायफायचा राउटर त्याच्यापासून वीस फुटांवर असतो. त्याची लहर परवानामुक्त, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग सरकारने २०१८ मध्येच खुला केला आहे. जागा काकांची, वीज काकांची. हे तळघर आणि पलीकडच्या गल्लीतलं तळघर एकच लहर एकाच वेळी वापरू शकतात, कारण मधल्या भिंती दोघांना वेगळं ठेवतात. टॉवरला जी भिंत आडवी येते, तीच वायफायच्या उपयोगी पडते.

आता पैशांत. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २९९ रुपयांना आला. ४२ जीबी झाले, म्हणजे जीबीला सात रुपये. रोजचा कोटा संपला आणि वरून एक जीबी घ्यायचा म्हटलं की वीस रुपयांच्या आसपास. दुसरीकडे १०० एमबीपीएसचं फायबर महिन्याला सातशेच्या घरात मिळतं, करासहित सव्वाआठशे धरा, आणि त्याची मर्यादा ३,३०० जीबीची असते. साठ मुलांनी रोज एकेक जीबी वापरला तर महिन्याला १,८०० जीबी. जीबीला पन्नास पैशांहूनही कमी. वीज, राउटरची झीज, पावसाळ्यात एकदा तरी तुटणारी वायर, सगळं धरलं तरी रुपयाच्या आतबाहेर. सात रुपये आणि एक रुपया, मध्ये फक्त गल्लीची रुंदी.

एवढा फरक असेल तर बाजाराने तो आपोआप का नाही मिटवला? अमेरिकेत एकदा मिटवला होता. २००७ साली आयफोन आला तेव्हा तिथे तो एटी अँड टीकडेच मिळायचा. दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत तिचं नेटवर्क धापा टाकू लागलं. कंपनीने २००८ मध्ये वेपोर्ट ही वायफाय कंपनी विकत घेतली आणि मे २०१० मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये आपल्या ग्राहकांसाठी मोफत वायफाय उभं केलं. ती समाजसेवा नव्हती. टॉवर वाढवण्यापेक्षा वायफाय वाटणं तिला स्वस्त पडलं. फ्रान्समध्ये फ्री नावाच्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये मोबाइल सेवा सुरू केली तेव्हा ग्राहकांच्या घरात आधीच बसवलेले आपले राउटर तिने मोबाइल ग्राहकांसाठी खुले केले. सिम बघून राउटर ओळखायचा, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. दोन्हीकडे भार उतरवणारा आणि ज्याचा भार उतरला तो एकच होता. डावा खिसा आणि उजवा खिसा. त्यामुळे हमालीचा प्रश्नच उठला नाही.

आपल्याकडे वायफायवाला एक आणि टॉवरवाला दुसरा. गूगलने रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली आणि जून २०१८ पर्यंत चारशे रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय पोचवलं. पुण्यातही स्मार्ट सिटीच्या कामात दीडशेच्या आसपास ठिकाणी ते आलं. खर्च जाहिरातींतून आणि प्रायोजकांकडून निघेल असा हिशेब होता. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ बाजारात उतरली. २०१४ मध्ये अडीचशे रुपयांहून महाग असलेला जीबी दहा रुपयांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने हा उपक्रम गुंडाळत असल्याचं सांगितलं, आणि मोबाइल डेटाच स्वस्त झाल्याने त्याची गरज उरली नाही हे कारण दिलं. ग्राहकाच्या बाजूने ते खरंही होतं. टॉवरच्या बाजूने अगदी उलट होतं. डेटा स्वस्त झाला म्हणून तर वापर अफाट वाढला आणि भार उतरवण्याची गरज कधी नव्हे इतकी झाली. पण टॉवरवाला त्या हिशेबात बसलेलाच नव्हता.

मग पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची केंद्राची योजना आली. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. कल्पना मला मनापासून आवडली होती आणि अजूनही आवडते. पूर्वी पानाच्या टपरीशेजारी पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ असायचा, तसा कोणीही दुकानदार परवाना आणि शुल्काशिवाय वायफाय विकू शकेल. पाच-दहा रुपयांचं कूपन, ओटीपी टाका, वापरा. २०१८ च्या दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं उद्दिष्ट ठेवलं होतं. प्रत्यक्षात गाडी काही लाखांवर अडली.

लोक याचं कारण प्रचारात, ॲपमध्ये, दुकानदाराच्या अज्ञानात शोधतात. मला ते पटत नाही. पीसीओवाला जे विकत होता ते गिऱ्हाइकाकडे नव्हतं. फोन करायचा तर त्याच्याकडेच जावं लागे. आजच्या गिऱ्हाइकाच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी आधीच पैसे भरून पडलेला आहे. तो कूपन का घेईल? घेतलं तर कोटा संपल्यावरच. म्हणजे हॉटस्पॉटवाल्याकडे गिऱ्हाइकाला विकण्यासारखं फारसं काही नाही. त्याच्याकडे विकण्यासारखी एकच मौल्यवान गोष्ट आहे, ती म्हणजे गर्दीच्या वेळी टॉवरला मिळणारा दिलासा. तिचं गिऱ्हाईक मोबाइल कंपनी आहे. माल खरा आहे, दुकान खरं आहे, फक्त पाटी चुकीच्या रस्त्याला लावली आहे.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जून २०२५ मध्ये एक चांगलं काम केलं. त्याआधी कंपन्या हॉटस्पॉटवाल्याला घरगुती फायबर देण्याऐवजी कित्येक पटींनी महाग लीज्ड लाइन, म्हणजे व्यवसायांसाठीची राखीव जोडणी, घ्यायला लावत. आता २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती प्लॅन त्याला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यावा लागतो. खर्चाची बाजू यातून सुटली, उत्पन्नाची बाजू तशीच राहिली. काकांसारख्या माणसाला रीतसर हॉटस्पॉट चालवायला सांगायचं तर सव्वाआठशेचे साडेसोळाशे होणार. ते भरून काढायला कूपन विकायचं, आणि तेही कोणाला, तर ज्याच्या पॅकमध्ये आधीच डेटा आहे त्याला. काका हुशार आहेत. ते बटण बंद करतील.

मी सुचवतो तो हिशेब असा. अभ्यासिकेच्या १,८०० जीबींपैकी एक तृतीयांश, म्हणजे सहाशे जीबी, रात्रीच्या गर्दीच्या तासांत जातात असं समजा. जो टॉवर खरोखर भरलेला आहे त्याच्या हद्दीत, त्याच तासांत, सिमने ओळख पटलेल्या ग्राहकाचा जेवढा डेटा वायफायवरून गेला त्यावर त्या ग्राहकाच्या कंपनीने जीबीमागे दोन रुपये हॉटस्पॉटवाल्याला द्यावेत. बाराशे रुपये झाले. घरगुती दराचं बिल फिटून वर काही उरतं, दुप्पट दराचं बरंचसं फिटतं. दोन रुपये हा माझा अंदाज आहे, खरा दर टॉवर किती भरला आहे यावरून निघायला हवा. रिकाम्या टॉवरखाली शून्य, भरलेल्याखाली तीन-चारही. कंपनीने त्या ग्राहकाकडून सरासरी सात रुपये आधीच घेतलेले आहेत. त्यातले दोन देऊन तिचा एक टॉवर वर्षभर पुढे ढकलला जात असेल तर हा तिच्याही फायद्याचा व्यवहार आहे.

असे व्यवहार कंपन्यांना नवे नाहीत. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे. २०१५ मध्ये हा दर चौदा पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून सहा, आणि जानेवारी २०२१ मध्ये शून्य झाला. वर्षानुवर्षं कोट्यवधी मिनिटांचा हिशेब पैशापैशाने चुकता झाला. टॉवरचंही तेच, तीन-तीन कंपन्या एका खांबावर यंत्रं लावतात आणि भाडं वाटून घेतात. सिमने वायफायवर ओळख पटवण्याचं तंत्र तर तुमच्या फोनमध्ये आजच आहे. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे वायफायवरून जे कॉल लागतात, ते त्याच जोरावर.

सिमचा मुद्दा सुरक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून दहशतवाद्यांनी ईमेल पाठवला आणि त्यानंतर सार्वजनिक वायफायभोवती ओळखपत्र, ओटीपी, नोंदींचं कुंपण उभं राहिलं. त्यामागची भीती रास्त होती. पण सिम घेताना ओळख एकदा पटलेलीच असते. राउटरने सिम ओळखलं तर ओटीपीची कटकट जाते आणि कोण कुठून जोडला गेला याची नोंदही पक्की राहते. जोडणी सांकेतिक होते, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा कोणी तुमचे पासवर्ड वाचू शकत नाही. आज फळ्यावर लिहिलेला, महिनोन्महिने न बदललेला पासवर्ड साठ जण वापरतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझे जुने सहकारी यावर दोन आक्षेप घेतात. दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की ५जी आल्यावर हे सगळं जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आलं, रुंद पट्टा मिळाला, क्षमता भरपूर आहे. मोकळ्या रस्त्यावर, बाणेर-बालेवाडीच्या रुंद सोसायट्यांत हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ५जीचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा, भिंतीला आणखी लवकर हरणारा. नारायण पेठेच्या तळघरात तो पोचत नाही. शिवाय जुलै २०२४ पासून अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या पॅकलाच मिळतं. दीड जीबीवर महिना काढणाऱ्या मुलीला ते नाही, आणि फोन ४जीचा असेल तर प्रश्नच नाही. जिथे अमर्याद ५जी आहे तिथे माझा मुद्दा उलट बळकट होतो. ग्राहकाने कितीही वापरलं तरी कंपनीला जादा पैसा मिळत नाही, मग वायफायवर गेलेला प्रत्येक जीबी तिच्यासाठी निव्वळ बचत आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. वायफाय दिलं की लोक जास्त वापरतात. साठ मुलांनी वायफायवर वापरलेले साठ जीबी टॉवरवरून उतरले असं नसतं. वायफाय नसतं तर त्यांनी कदाचित वीसच वापरले असते. मग कंपनीने साठाची हमाली का द्यावी? हे मला मान्य आहे. म्हणूनच मी सरसकट दर मागत नाही, भरलेला टॉवर आणि गर्दीचा तास एवढ्यापुरताच मागतो. तेवढ्यातही काही वापर नवा असेल, दर ठरवताना तो वजा करता येईल, वायफाय चालू आणि बंद असतानाचे टॉवरचे आकडे शेजारी ठेवले की तो दिसतो. पण जो नवा वापर आहे त्याच्याकडे नुकसान म्हणून पाहायला मी तयार नाही. कोटा संपेल या धास्तीने लेक्चर अर्ध्यावर बंद करणाऱ्या मुलीने ते पूर्ण पाहिलं, तर तो वापर नवाच आहे. व्हावाच तो.

विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात फोन लागत नाही, तिथे हे उपयोगी पडेल का, असं मला हमखास विचारतात. नाही पडणार. उघड्यावरच्या लाखोंच्या गर्दीत वायफायचे राउटर एकमेकांवरच ओरडत बसतात. त्या दिवसापुरत्या टॉवरच्या गाड्याच आणाव्या लागतात. वर्षातल्या त्या एका रात्रीवरून बाकीच्या ३६४ रात्रींचं धोरण ठरवू नये.

मला खरी खंत वेगळीच आहे. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांचा भार कधीच उतरला आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शिरताच फोन आपोआप वायफायवर जातो. त्याचे महिन्याला पाच-सातशे रुपये तो ग्राहकच भरतो, आणि मोबाइल कंपनीला त्याच्या संध्याकाळच्या वापरातून आयती सुटका मिळते. ज्यांच्याकडे घरचं फायबर नाही, कॉट बेसिसवर राहणारी मुलं, जनता वसाहतीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतलं कुटुंब, त्यांचा सगळा वापर, मुलांचा अभ्यास, रोजगाराचे फॉर्म, गावाकडचा व्हिडिओ कॉल, सात रुपयांच्या आणि संध्याकाळनंतर वीस रुपयांच्या जीबीवर चालतो. सगळ्यात कमी कमावणारा माणूस सगळ्यात महाग रस्त्याने जातो. वस्तीतल्या किराणा दुकानात, समाजमंदिरात, दवाखान्याच्या ओट्यावर हॉटस्पॉट असायला हवेत. दुकानदाराने ते चालवावेत अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याच्या गल्ल्यात महिन्याला काहीतरी पडलं पाहिजे.

पुण्याला हमालीचा हिशेब शिकवायची गरज नाही. डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, ती याच प्रश्नावर: ओझं वाहणाऱ्याचा मोबदला कोणाच्या मर्जीवर का असावा? १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळं आली, मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगारापर्यंत पोचवायची. हमालाला एकेका व्यापाऱ्याच्या दारात हात पसरावा लागू नये हा त्यातला गाभा. तळघरातल्या काकांनी तीन मोबाइल कंपन्यांशी तीन करार करावेत ही अपेक्षा तितकीच अव्यवहार्य आहे. पीएम-वाणीमध्ये हॉटस्पॉटवाल्यांना जोडणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत, मध्यवर्ती नोंदणी आहे. त्यांच्यामार्फत कंपन्यांनी एकत्र पैसे भरावेत आणि ट्रायने दराची चौकट घालून द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. जून २०२५ च्या दरआदेशासारखा आणखी एक आदेश पुरेल.

महापालिकेचा वाटा लहान आहे, पण त्यावाचून अडतं. काकांचं फायबर दिव्याच्या खांबावरून झाडावर, झाडावरून समोरच्या गॅलरीवर, तिथून तळघरात असं लोंबकळत येतं. गणपतीत उंच देखाव्याला आड येतं म्हणून कोणीतरी ते बांबूने उचलतं आणि ते तुटतं. जमिनीखालून न्यावं तर खोदाईचं शुल्क लहान केबलवाल्याला झेपत नाही. रस्ता एकदा खोदताना रिकाम्या नळ्या टाकून ठेवल्या आणि त्या सगळ्यांना माफक भाड्याने दिल्या, तर हे दरवर्षीचं तुटणं थांबेल. खांबांबाबत केंद्राने वाट दाखवली आहेच. छोटी मोबाइल यंत्रं लावायला शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये असा दर २०२२ च्या नियमदुरुस्तीत आला. वायफायलाही तोच न्याय लावावा.

आणि लहरींची जागा. पेठेत एका खोलीत फोन उघडला तर तीस-चाळीस वायफायची नावं दिसतात, सगळी त्याच दोन-तीन चॅनेलवर दाटीवाटीने. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा खालचा भाग घरातल्या कमी शक्तीच्या वायफायसाठी खुला करण्याचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला. अमेरिकेने तो संपूर्ण पट्टा २०२० मध्येच खुला केला होता. उशिरा का होईना, दिशा बरोबर आहे.

सुरुवात पेठांतूनच व्हावी असं मला वाटतं. सदाशिव, नारायण, शनिवार, तीनच पेठा घ्या. इथे अभ्यासिका दाट आहेत, टॉवर भरलेले आहेत, भिंती जाड आहेत. शंभर अभ्यासिका, सहा महिने. पहिले तीन महिने आज चाललंय तसंच, पुढचे तीन हमाली देऊन. रात्री नऊ ते अकरा टॉवरवर किती भार होता, किती उतरला, किती वापर नवा होता, हे आकडे कंपन्यांनी ट्रायला द्यावेत आणि ट्रायने सगळ्यांसाठी प्रसिद्ध करावेत. दोन रुपये जास्त निघाले तर एक करा. एकही परवडत नाही असं आकड्यांनी दिसलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

निघताना मी काकांना विचारलं, नऊ ते अकरा वायफाय चालू ठेवायचे महिन्याला हजार-बाराशे मिळाले तर काय कराल? त्यांनी पेटीच्या कुलपावरून हात फिरवला, वरच्या जिन्यात उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग आणखी एक लाइन घेतो की. एक लेक्चरवाल्यांना, एक बाकीच्यांना. बटणच काढून टाकतो."